तळघरातले वीस तास: तारेक मसूद यांचं काम संशोधक म्हणून बघताना



"डेटा मिळाला की निम्मी पीएचडी झाली" हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. पेटची तयारी करणारे, कोर्सवर्क करणारे, सिनॉप्सिस लिहायला बसलेले, सगळेच ते एकमेकांना सांगत असतात. मीही सांगायचे. माझा विषय भूजल. म्हणजे विहिरींची पाणीपातळी, तिच्या जुन्या नोंदी आणि त्यावरून बांधलेले अंदाज. दुसऱ्या वर्षी मला जुन्या नोंदींचा एक चांगला मोठा संच मिळाला, तेव्हा आता निम्मं काम झालं असं मला खरंच वाटलं होतं. ते किती चुकीचं होतं, हे कळायला एक वर्ष गेलं. आणि ते नीट शब्दांत मांडता आलं ते एका चित्रपट दिग्दर्शकामुळे. तो दिग्दर्शक बांगलादेशचा.

होस्टेलमधल्या माझ्या बंगाली मैत्रिणीने एका रविवारी लॅपटॉपवर 'मुक्तिर गान' लावला. मला बंगाली निम्मंच कळत होतं. पण चित्रपट कसा बनला, हे तिने नंतर चहा पिताना सांगितलं आणि मी त्याच्या मागेच लागले. विज्ञान शाखेच्या मुलीने सिनेमावर का लिहावं, असं कुणी विचारेल. पण या माणसाने आयुष्यभर जे केलं, ते आपण करतो त्याच्या फार जवळचं आहे. तर आज तारेक मसूद यांच्याबद्दल.

इतिहासाचा विद्यार्थी

तारेक मसूद यांचा जन्म ६ डिसेंबर १९५६ चा. गाव नूरपूर, भांगा, जिल्हा फरीदपूर. तेव्हा हा भाग पूर्व पाकिस्तान होता. घरचं वातावरण धार्मिक होतं, म्हणून मुलाला मदरशात घातलं. शिक्षणाची बरीच वर्षं तिथेच गेली. १९७१ च्या मार्चमध्ये पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात कारवाई सुरू केली, युद्ध पेटलं आणि मदरशातलं शिक्षण तुटलं. डिसेंबरमध्ये बांगलादेश स्वतंत्र झाला तेव्हा तारेक पंधरा वर्षांचे होते. त्यानंतर ते साध्या शाळा-कॉलेजच्या वाटेने पुढे गेले आणि ढाका विद्यापीठात त्यांनी इतिहास घेतला.

हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. फिल्म इन्स्टिट्यूटची पदवी घेऊन ते सिनेमात आले नाहीत. इतिहासाचं शिक्षण आणि ढाक्यातली फिल्म सोसायटी चळवळ, एवढी त्यांची शिदोरी. त्या चळवळीत अलमगीर कबीर हे मोठं नाव होतं. स्वतः दिग्दर्शक, समीक्षक आणि नव्या मुलांना सिनेमा बघायला शिकवणारे. तारेक त्यांना गुरू मानत.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. तारेक ज्या वयात काम करू लागले, त्या वयात देशाचा जन्म ही अगदी ताजी घटना होती, पण तिच्याबद्दल मोकळेपणाने बोललं जात नव्हतं. ऑगस्ट १९७५ मध्ये शेख मुजीबुर रहमान यांची हत्या झाली. त्यानंतर १९९० च्या अखेरीपर्यंत बहुतेक काळ सत्ता लष्करी किंवा लष्करातून आलेल्या माणसांकडे होती. त्या वर्षांत वाढलेल्या पिढीला १९७१ अर्धवट कळलं होतं. म्हणजे घटना जुनी झालेली नव्हती, साक्षीदार जिवंत होते, तरीही साधनं विखुरलेली होती. संशोधकाला याहून मोठं काम कोणतं असणार?

एका विषयावर सात वर्षं

तारेक यांचं पहिलं मोठं काम म्हणजे 'आदम सुरत' हा चित्रकार एस. एम. सुलतान यांच्यावरचा माहितीपट. सुरुवात १९८२ ची आणि पूर्ण झाला १९८९ साली. सात वर्षं!

सुलतान नराईलचे. परदेशात प्रदर्शनं होऊनही ते गावी परतले आणि तिथेच राहिले. त्यांच्या मोठमोठ्या चित्रांत शेतकरी असतात, पण हाडं वर आलेले, वाकलेले नाहीत. पीळदार दंडांचे, रुंद छातीचे. प्रत्यक्षातला बंगालचा शेतकरी उपाशी आणि चित्रातला असा पहिलवान, हे का? चित्रपटाचा खरा प्रश्न हाच आहे. सुलतान यांनी चित्रीकरणाला होकार दिला तो एका अटीवर. आपल्याला विषय करायचं नाही. आपण फक्त निमित्त, दाखवायचं ते शेतकऱ्यांचं जगणं.

पैसे नव्हते. फिल्मचे रोल महाग होते. सुलतान मनात येईल तेव्हा भेटणार. कॅमेऱ्यामागे होता तरुण मित्र मिशुक मुनीर. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

सात वर्षं हा आकडा वाचून आपल्यातल्या काहींच्या पोटात गोळा येईल. रजिस्ट्रेशनची मुदत, फेलोशिप संपणं, घरचे विचारणार "अजून किती दिवस?" हे सगळं त्यांच्याही वाट्याला वेगळ्या रूपात आलंच असणार. पण त्या सात वर्षांत एक झालं. शहरातला मुलगा खेड्याकडे बघायला गेला होता. हळूहळू त्याला कळलं की बघायची नजर आधी बदलावी लागते. आपल्या भाषेत सांगायचं तर फील्डवर्कने प्रश्नच बदलला.

याच काळात त्यांची गाठ कॅथरीन यांच्याशी पडली. कॅथरीन अमेरिकन, ढाक्यात आल्या आणि बांगलादेशच्याच झाल्या. पुढचं सगळं काम दोघांचं आहे. लेखन, निर्मिती, संकलन, दिग्दर्शन यांत कॅथरीन बरोबरीने होत्या. फक्त "तारेक मसूद यांचा चित्रपट" असं लिहिणं म्हणजे सहलेखकाचं नाव वगळून पेपर छापण्यासारखं आहे.

तळघरातला डेटा

१९७१ च्या युद्धाच्या वेळी सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. त्यांच्यात गायकांचा एक तरुण गट होता. ट्रकमध्ये बसून हा गट छावण्यांमध्ये आणि मुक्त झालेल्या भागांत जायचा, लोकांसमोर गाणी म्हणायचा. लियर लेव्हिन नावाचा अमेरिकन चित्रपटकार त्या वेळी या गटाबरोबर फिरला. त्याने त्यांची गाणी, प्रवास, छावण्या, चिखल, रांगा, लहान मुलांचे चेहरे, सगळं रंगीत फिल्मवर टिपलं. जवळपास वीस तासांचं चित्रीकरण झालं. मग युद्ध संपलं, पैसा उभा राहिला नाही आणि त्याचा चित्रपट अर्धवट राहिला.

ती फिल्म न्यूयॉर्कमध्ये त्याच्या घराच्या तळघरात पडून राहिली. एकोणीस-वीस वर्षं! १९९० च्या सुमारास अमेरिकेत असलेले तारेक आणि कॅथरीन त्याला शोधत पोचले. डबे निघाले. फिल्म शाबूत होती.

त्या क्षणी त्यांना काय वाटलं असेल, याची मी कल्पना करू शकते. विसरलेल्या कपाटात जुन्या नोंदवह्यांचा गठ्ठा सापडतो, तेव्हा आपल्यालाही तसंच वाटतं. पण पुढे बघा. वीस तासांचे डबे म्हणजे चित्रपट नव्हे. लेव्हिन परदेशी होता, तो त्याच्या नजरेने टिपत होता. त्याला निसर्ग आवडत होता, माणसांचे चेहरे आवडत होते. त्याच्याकडे युद्ध फारसं नव्हतं. कोण कुठे आहे, कोणतं गाणं कोणत्या छावणीत म्हटलं, याचा धागा पुन्हा जुळवायचा होता. त्यासाठी गटातले गायक शोधून त्यांच्याशी बोलणं आलं. इतर देशांतल्या संग्रहांमधून युद्धाची दृश्यं मिळवणं आलं. कॅथरीन आणि तारेक यांनी त्यात काही वर्षं घातली. १९९५ मध्ये 'मुक्तिर गान', म्हणजे मुक्तीचं गाणं, पडद्यावर आला.

ढाक्यात तो बघायला रांगा लागल्या. ज्यांनी १९७१ बघितलंच नव्हतं अशी मुलं आई-वडिलांबरोबर आली. एका अख्ख्या पिढीला आपल्या देशाच्या जन्माचं हलतंबोलतं, रंगीत चित्र पहिल्यांदा दिसलं.

मोजलेलं किती आणि भरलेलं किती?

आता इथे जरा थांबू. इथेच ही गोष्ट आपल्या कामाची होते.

'मुक्तिर गान' बघताना आपल्याला वाटतं की हे सगळं १९७१ सालीच टिपलेलं आहे. तसं नाही. त्यात निदान तीन थर आहेत. पहिला थर लेव्हिनच्या चित्रीकरणाचा. दुसरा, इतर संग्रहांतून आणून जोडलेल्या दृश्यांचा. आणि तिसरा नंतर घातलेल्या गोष्टींचा. कथा पुढे नेणारं निवेदन जवळजवळ पाव शतकानंतर लिहिलेलं आहे आणि काही दृश्यं तर नंतर नव्याने उभी करून घेतलेली आहेत. नईम मोहायमेन या बांगलादेशी कलावंत-अभ्यासकाने यावर सविस्तर लिहिलं आहे. त्याचा मुद्दा थोडक्यात असा: ज्या चित्रपटाकडे लोक युद्धाचा पुरावा म्हणून बघतात, त्यात पुरावा आणि पुनर्रचना एकमेकांत मिसळली आहे. अशा वेळी त्याला काय म्हणायचं?

हे वाचल्यावर मला पहिल्यांदा रागच आला. मग माझा आलेख आठवला.

जुन्या नोंदींचा तो संच मिळाल्यावर मी उत्साहाने वीस वर्षांचा आलेख काढला होता. मधल्या काही महिन्यांच्या नोंदी नव्हत्या. मी आजूबाजूच्या आकड्यांवरून त्या भरल्या आणि एक छान सलग रेष ओढली. विभागातल्या बैठकीत ती दाखवली. सगळे बघत होते. गाईड मॅडमनी एकच विचारलं, "यातले मोजलेले किती आणि तू भरलेले किती?"

मला सांगता आलं नाही. रिकाम्या जागा भरणं चूक नव्हतं. त्याच्या मान्य पद्धती आहेत आणि मी त्यातलीच एक वापरली होती. चूक ही होती की भरलेले आणि मोजलेले बिंदू मी एकाच रंगात काढले होते. बघणाऱ्याला फरक कळायची काही सोयच ठेवली नव्हती. आणि खरं सांगायचं तर आठवड्याभराने मलाही तो कळत नव्हता. मूळ फाईलवरच मी आकडे टाईप केले होते.

म्हणून तारेक-कॅथरीन यांच्यावर दगड मारायचा मला अधिकार नाही. त्यांच्या बाजूनेही बोलता येतं. त्यांनी शोधनिबंध लिहिला नव्हता, चित्रपट केला होता. तुटक चित्रीकरणाला कथेचा धागा दिला नसता तर ते डबे पुन्हा एखाद्या कपाटात गेले असते आणि त्या पिढीने काहीच बघितलं नसतं. पण दुसरी बाजूही खरी आहे. १९७१ मध्ये काय झालं, हा बांगलादेशात नुसता इतिहासाचा प्रश्न नाही. युद्धगुन्ह्यांचे खटले, राजकारण, घराघरांतली दुःखं त्याला चिकटलेली आहेत. काय झालंच नाही असं म्हणणारेही आहेत. अशा ठिकाणी एक दृश्य जरी नंतरचं निघालं, तरी नाकारणारा माणूस त्या एका दृश्यावर बोट ठेवून सगळ्या वीस तासांवर शंका घेऊ शकतो. मोजलेल्या आणि भरलेल्या बिंदूंचा रंग वेगळा ठेवायचा तो म्हणूनच. रंग वेगळा असला की खऱ्या पुराव्याचं रक्षण होतं.

पडद्यासमोरचं गाव

यानंतर या दोघांनी जे केलं, त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

'मुक्तिर गान' शहरात चालला, पण त्यांना तो गावात दाखवायचा होता. १९९६ ते १९९९ या काळात तरुण मुलामुलींचा एक गट प्रोजेक्टर घेऊन बांगलादेशभर फिरला. मोकळ्या जागेत पडदा लावायचा, अंधार पडला की चित्रपट सुरू.

चित्रपट संपला की लोक घरी जायचे नाहीत. ते बोलायला लागायचे. आमच्या गावात काय झालं, कोणाला नेलं, कोण परत आलं नाही, कोणाचं घर जळलं. काही ठिकाणी गावकरी स्वतःच गायला लागायचे. म्हणजे प्रेक्षक उठून साक्षीदार झाले. आणि ते जे सांगत होते, ते 'मुक्तिर गान'मध्ये नव्हतं. त्या चित्रपटातला गायकांचा गट बहुतेक शिकलेल्या, शहरी तरुणांचा होता. त्यांचं युद्ध खरंच होतं, पण शेतात राहिलेल्या, पळून न जाता आलेल्या, युद्धानंतरही कुणी विचारायला न आलेल्या माणसांचं युद्ध वेगळं होतं.

इथे सोपा मार्ग होता. "वा, लोकांना चित्रपट किती भिडला!" असं म्हणून पुढच्या गावी जायचं. त्यांनी कॅमेरा लोकांकडे वळवला. त्यातून १९९९ साली 'मुक्तिर कथा' तयार झाला. त्यात साधी माणसं आपापली १९७१ ची हकीकत सांगतात. पुढे २००० साली बायकांच्या युद्धातल्या अनुभवांवर 'नारीर कथा' आला. ज्या बायकांकडे समाजाने फक्त "अत्याचार झालेल्या" म्हणून बघितलं होतं, त्या इथे सोसण्याबद्दल बोलतात आणि लढण्याबद्दलही.

आधी साधन सापडलं, त्यातून मांडणी झाली, ती मांडणी लोकांसमोर ठेवली, लोकांनी ती अपुरी आहे हे दाखवलं, आणि मग त्या अपुरेपणातून पुढचं काम उभं राहिलं. आपण प्रबंधात "अभ्यासाच्या मर्यादा" असा एक परिच्छेद लिहितो आणि विसरून जातो. यांनी आपल्या पहिल्या कामाची मर्यादा हाच पुढच्या दोन कामांचा विषय केला.

माझ्याकडेही असंच झालं, लहान प्रमाणात. त्याच संचातल्या एका विहिरीची उन्हाळ्यातली पाणीपातळी कितीतरी वर्षं ९ मीटरच्या आसपास होती आणि एका वर्षी एकदम १२ मीटरवर गेली. मी त्यावर भूजल खचल्याचा अर्धा परिच्छेद लिहून ठेवला होता. मग प्रत्यक्ष त्या गावी गेले. विहिरीच्या काठावर एक आजोबा बसले होते. त्यांना आकडे सांगितले तर ते हसले. "अहो ताई, नऊवर पाणी नव्हतंच. नऊवर तळ होता. उन्हाळ्यात कोरडीच असायची ती. मग आम्ही खोल केली, तेव्हा बारावर पाणी लागलं."

म्हणजे ज्याला मी इतकी वर्षं स्थिर पातळी समजत होते, तो कोरडा तळ होता. आकडा खोटा नव्हता. कुणीतरी प्रामाणिकपणे टेप खाली सोडून मोजलाच होता. पण तो आकडा काय सांगतो, हे वहीत नव्हतं. ते त्या आजोबांकडे होतं. गावात जाऊन विचारलं नसतं तर माझा तो अर्धा परिच्छेद आज प्रबंधात असता.

स्वतःची आठवण हाही पुरावा?

तारेक मसूद यांना जगभर ओळख मिळाली ती 'माटिर मोयना', म्हणजे मातीची मैना, या २००२ च्या चित्रपटामुळे. हा माहितीपट नाही, कथापट आहे. कथा त्यांच्या बालपणातून आलेली. काळ १९६० च्या दशकाच्या शेवटापासून १९७१ पर्यंतचा. अनु नावाच्या मुलाला वडील मदरशात घालतात. वडील काझी कडक धार्मिक, होमिओपॅथीवर श्रद्धा. काका मिलन डाव्या विचारांचा. आई आयेशा घरात घुसमटलेली. धाकटी बहीण अस्मा आजारी पडते, वडील दुसरं औषध घेऊ देत नाहीत आणि ती जाते. मदरशात अनुला रोकन नावाचा मित्र मिळतो. तो सगळ्यांपेक्षा वेगळा आहे आणि त्या वेगळेपणाची शिक्षा भोगतो.

कान महोत्सवात 'डायरेक्टर्स फोर्टनाइट' या विभागाची सुरुवात या चित्रपटाने झाली आणि आंतरराष्ट्रीय समीक्षक संघाचा फिप्रेस्की पुरस्कार त्याला मिळाला. त्याच सुमाराला बांगलादेशच्या सेन्सॉर बोर्डाने धार्मिक भावना दुखावतील म्हणून त्यावर बंदी घातली. अपील झालं, काही काटछाट झाली आणि २००२ च्या अखेरीस तो ढाक्यात लागला. ऑस्करच्या परभाषा विभागासाठी बांगलादेशने पाठवलेला तो पहिला चित्रपट.

आपल्यासाठी एक जवळची गोष्ट. 'माटिर मोयना'चं छायाचित्रण सुधीर पलसाने यांचं आहे. 'वळू' आणि 'विहीर' या मराठी चित्रपटांचे छायाचित्रकार तेच. बंगालचं पाणी, होड्या, मदरशाच्या ओवऱ्यांतला उजेड एका मराठी माणसाने टिपला आहे.

संशोधनाच्या दृष्टीने यात बघण्यासारखं काय? स्वतःच्या अनुभवावर काम करणाऱ्याला सगळ्यात मोठा मोह असतो तो हिशेब चुकते करण्याचा. मदरशात कष्टाची वर्षं काढलेला माणूस मोठेपणी चित्रपट काढतो, तर मदरशातले सगळे खलनायक दाखवणं सोपं होतं. त्याला टाळ्याही मिळाल्या असत्या, विशेषतः २००२ साली. पण त्या चित्रपटात इब्राहिम नावाचे शिक्षक आहेत. ते हळुवार आहेत, धर्माच्या नावावर मुलांना राजकारणात ओढणं त्यांना पटत नाही. वडील काझीसुद्धा दुष्ट नाहीत. ते चुकतात, त्या चुकीची किंमत पोरगी देते, पण त्यांचा विश्वास खरा आहे. मुसलमानांचं सैन्य मुसलमानांना मारणार नाही, असं ते शेवटपर्यंत मानतात, आणि तो विश्वास त्यांच्या डोळ्यांसमोर जळतो. मिलनच्या डाव्या घोषणांनाही चित्रपट डोक्यावर घेत नाही. गावातल्या गायकांचे सवाल-जवाब त्यात येतात आणि त्यातून दिसतं की धर्म म्हणजे काय, यावर खेड्यातली माणसं शहाण्यासारखी भांडत आली आहेत.

आपल्या मताविरुद्ध जाणारा पुरावा नोंदवायचा, हे आपण पद्धतिशास्त्राच्या पेपरात लिहितो. तारेक यांनी ते स्वतःच्या बालपणाबद्दल केलं. माझ्या मते हे जास्त अवघड आहे.

अर्धवट राहिलेलं काम

पुढे २००६ मध्ये 'अंतर्यात्रा' आला. २००९ मध्ये 'नरसुंदर' हा लघुपट. त्यात १९७१ मध्ये एक तरुण मुक्तियोद्धा सैन्यापासून पळत एका न्हाव्याच्या दुकानात शिरतो. दुकान बिहारी, उर्दू बोलणाऱ्यांचं. त्या युद्धात बिहारी म्हणजे पाकिस्तानचे साथीदार, असं ठरून गेलेलं. आणि तेच त्याला वाचवतात. म्हणजे सगळ्यांना पाठ झालेल्या निष्कर्षाला अपवाद शोधणं चालूच होतं. २०१० मध्ये 'रनवे' आला. विमानतळाच्या धावपट्टीजवळ राहणारा गरीब घरातला मुलगा दहशतवादाकडे कसा ओढला जातो, त्याची ती गोष्ट. त्याचा कॅमेरा मिशुक मुनीर यांचा.

त्यानंतर 'कागजेर फुल' हाती घेतला होता. 'माटिर मोयना'च्या आधीची कथा, थेट १९४७ च्या फाळणीपर्यंत मागे जाणारी. १३ ऑगस्ट २०११ रोजी त्याच्या चित्रीकरणाच्या जागा बघून सगळे माणिकगंजहून ढाक्याला परतत होते. ढाका-आरिचा महामार्गावर त्यांची मायक्रोबस आणि समोरून येणारी बस यांची टक्कर झाली. पाच जण गेले. तारेक मसूद त्यात होते, वय ५४. मिशुक मुनीरही त्यात होते. मिशुक यांचे वडील, नाटककार मुनीर चौधरी, डिसेंबर १९७१ मध्ये ढाक्यातल्या विचारवंतांना वेचून मारलं गेलं तेव्हा मारले गेले होते. कॅथरीन जखमी झाल्या, पण वाचल्या.

२०१२ मध्ये तारेक यांना एकुशे पदक मरणोत्तर देण्यात आलं. अपघाताबद्दल कॅथरीन कोर्टात गेल्या. डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने तारेक यांच्या कुटुंबाला ४ कोटी ६१ लाख टाक्यांहून जास्त भरपाई द्यायचा निकाल दिला. रस्त्यावर रोज माणसं मरतात अशा देशात तो निकाल बातमी ठरला. तिथेही कॅथरीन यांनी तेच केलं, जे दोघं मिळून करत आले होते. घडलेल्याची नीट नोंद करून ती लोकांसमोर ठेवली.

तर मग आपण काय करायचं?

मी सध्या तीन गोष्टी करते. तारेक मसूद यांच्यामुळे सुरू झाल्या असं नाही, मॅडमचे आणि त्या आजोबांचे उपकार जास्त आहेत. पण का करायच्या, हे या चित्रपटांमुळे पक्कं झालं.

एक, मिळालेली मूळ फाईल उघडते, पण तिच्यात कधीच लिहीत नाही. तिची प्रत काढते, बदल प्रतीत करते आणि काय बदललं ते तारखेसह शेजारी लिहून ठेवते.

दोन, आलेखात मोजलेला बिंदू भरीव आणि भरलेला बिंदू पोकळ. दिसायला आलेख थोडा फाटका वाटतो. वाटू दे.

तीन, निष्कर्ष लिहून झाला की तो त्या गावी जाऊन वाचून दाखवते. पहिल्यांदा फार भीती वाटली होती. अजूनही वाटते. मागच्या महिन्यात एका गावात माझ्या चार निष्कर्षांपैकी दोन लोकांनी मान्य केले, एकावर ते आपापसात भांडले आणि चौथा ऐकून एक काकू म्हणाल्या, "हे कोणी सांगितलं तुम्हाला?" आता त्या चौथ्यावर काम चालू आहे.

तुम्ही कोणत्याही विषयात असा, 'मुक्तिर गान' आणि 'मुक्तिर कथा' एकामागोमाग बघा. याच क्रमाने. आणि दुसरा बघून झाल्यावर स्वतःच्या सिनॉप्सिसकडे एकदा बघा. त्यातलं एखादं "९ मीटर" कोरडा तळ तर नाही ना, तेवढं तपासा.